अकरा दुरुस्त्या

मालांगच्या निळ्या अंगकोतमध्ये, म्हणजे आमच्या शहरातल्या छोट्या प्रवासी गाडीत, दहा माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. त्या दुपारी माझ्या गुडघ्यांसमोर जे गुडघे होते त्यांच्या मालकाच्या कॉलरमधून एक पांढरी गोल चिकटपट्टी डोकावत होती. गळ्याच्या हाडाखाली चिकटवलेला इलेक्ट्रोड... आणि तो त्याचा कोपरा नखाने उचकटत होता. माझ्याने राहवेना.

"मस," मी म्हटलं. आमच्याकडे अनोळखी तरुणाला मस म्हणतात आणि तरुणीला म्बाक. "ओढू नका हं. आधी पाण्याने भिजवा, नाहीतर केसांसकट येईल."

त्याने चमकून वर पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं हे काय आहे ते?"

"मीच लावते रोज. आणि हा तुम्ही चुकीच्या जागी लावलाय. या जागेवर हृदय कमी आणि खांदा जास्त ऐकू येतो."

शेजारच्या बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मजेत ऐकत होत्या. तो हसला. त्याच्या डाव्या गालाला तेव्हा एक बारीकशी घडी पडली... ती मला अजून आठवते, पण ते असो.

"म्हणजे आज सुट्टीवर असलेल्या त्या म्बाक वेनिंग तुम्हीच? सकाळपासून ऐकतोय, 'वेनिंग असती तर असं झालं नसतं.'"

"आणि तुम्ही फुकटवाले पाहुणे?"

"फुकटवाला नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "मुक्त म्हणतात त्याला. मी रुस्दी."

आमच्या मानसशास्त्र विभागात एक छोटी प्रयोगशाळा आहे. माणसाला खुर्चीत बसवायचं, छातीवर, बोटांवर तारा लावायच्या, आणि तो घाबरला, सुखावला, कंटाळला की शरीर काय करतं ते नोंदवायचं. त्या नोंदी वाचायच्या विकतच्या प्रोग्रामचा परवाना संपला आणि आमच्या बू हारसिनींनी, म्हणजे आमच्या प्राध्यापिकाबाईंनी जाहीर केलं, "आता देन्युत वापरायचं." देन्युत म्हणजे नाडीचा ठोका. जगभरची दहाबारा माणसं आपापल्या घरी बसून तो प्रोग्राम लिहितात, कुणीही तो घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा. त्यांतला एक होता हा समुद्रापलीकडच्या बंजारमासिनचा रुस्दी, आणि तीन आठवडे तो आम्हाला शिकवायला आला होता.

दुसऱ्याच दिवशी भांडण झालं. प्रोग्राम ठोके बरोबर मोजतोय का हे पाहायला त्याने माझ्या मनगटावर अंगठा ठेवला आणि घड्याळाकडे बघायला लागला.

"अंगठ्याने?" मी हात ओढून घेतला. "पहिला धडाच विसरलात! अंगठ्यात स्वतःची नाडी असते. असं मोजलंत तर माझे नाही, तुमचेच ठोके मोजाल."

"अस्सं?" तो म्हणाला. "तरीच जरा जास्त लागत होते."

कोपऱ्यात बसलेली माझी मैत्रीण तुतिक खोकली. तिला अजिबात खोकला झालेला नव्हता.

त्याने शिकवलं ते मात्र मनापासून. देन्युतचा एक नियम तो देवाच्या नावासारखा जपायचा. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. रेघेत खोट असेल तर दुरुस्ती वेगळ्या फायलीत लिहायची, आणि शेजारी कोणी केली, कधी केली, का केली तेही लिहायचं.

"म्हणजे झाकपाक करायला वावच नाही," मी म्हटलं.

"चूक करायला आहे ना. फक्त ती दिसते... आणि दिसली की सुधारता येते."

संध्याकाळी आम्ही फाटकाबाहेरच्या गाडीवर बाक्सो खायचो. गरम सुपात मांसाचे गोळे, वर तळलेला कांदा. त्याने तिखटाचे चार चमचे घातले आणि घामाने डबडबला.

"बघा," मी त्याच्या बोटांकडे बोट दाखवलं. "आता तारा लावल्या असत्या तर घामाची रेघ छताला गेली असती. लोकांना वाटलं असतं, गडी प्रेमात पडला."

"आणि पडला असेल तर?"

"तरी रेघ तशीच दिसते, मस. मिरची असो, परीक्षा असो, नाहीतर... काहीही असो. किती ते रेघ सांगते. का ते माणसालाच विचारावं लागतं."

तो वाडग्यात बघत राहिला. "आणि माणसाला बोलता येत नसेल तर?"

मी हसून विषय बदलला. उचलली जीभ लावली टाळ्याला ही माझी ख्याती, आणि नको तिथे नेमकी ती जीभ अडते. त्याच्याबरोबर चालताना मी मुद्दाम हळू चालायची, फाटक लवकर येऊ नये म्हणून. तो तीन आठवड्यांचा पाहुणा. मधे अख्खा समुद्र. आपण कशाला मनाचे लाड करायचे, असं मी स्वतःला रोज बजावायची आणि रोज हळू चालायची.

शेवटच्या आठवड्यात माझ्या अभ्यासाला एक माणूस कमी पडत होता. तीस झाले होते, एकतीस हवे होते.

"मी बसतो," रुस्दी म्हणाला.

मी त्याला तारा लावल्या, छातीभोवती श्वासाचा पट्टा बांधला. माझे हात थंड होते. मग मी शेजारच्या खोलीत बसून माइकवरून सूचना दिल्या. डोळे मिटा... हळू श्वास घ्या... आता समोरचं चित्र पाहा... दर वेळी नोंदीत खूण पडेल असं बटण दाबलं. शेवटी नेहमीचा कागद दिला. त्यावर एकच प्रश्न असतो, 'प्रयोगाच्या वेळी काय वाटलं?' लोक चारपाच ओळी लिहितात. त्याने तीन शब्द लिहिले. 'ते रेघेत पाहा.'

"आळशी!" मी म्हटलं.

"पाहा मात्र नक्की," तो म्हणाला. हसला नाही.

मी पाहिली. गुरुवारी सकाळी, दार लावून. आता खरं सांगते. बाकीच्या तीस जणांच्या रेघा मी डोळ्यांत तेल घालून तपासल्या होत्या. त्याची उघडली आणि माझेच कान गरम झाले. एखाद्याची वही चोरून वाचावी तसं वाटायला लागलं. घामाची रेघ जागोजागी उसळली होती. आमचा नियम असा, की सूचनेनंतर लगेच रेघ उसळली तर माणूस हलला का ते श्वासाच्या पट्ट्यावर पाहायचं, आणि हलला असेल तरच तेवढा तुकडा वगळायचा. मी पट्टा पाहिलाच नाही. भराभर अकरा तुकडे कापले, प्रत्येकापुढे लिहिलं, 'हालचाल. वगळले. – वेनिंग', आणि त्याच्याच परवानगीने ती नोंद नमुना म्हणून देन्युतच्या इंटरनेटवरच्या पानावर चढवून टाकली. सुटले बाई, असं वाटलं.

शुक्रवारी तो आला तो कुणी दुसराच माणूस होता.

"नोंद पाहिलीत?" त्याने विचारलं.

"पाहिली की. साफही केली."

"हो. दिसलं मला." त्याने पडद्याकडे बोट केलं. "अकराच्या अकरा?"

"खूप हलता तुम्ही खुर्चीत," मी आपली चेष्टा केली.

त्याने मान डोलावली. "बरोबर आहे. हालचालच असेल... म्बाक, छान काम करता तुम्ही." शनिवारी तो आधी बसने बंदराला आणि तिथून बोटीने गेला. मी बसथांब्यापर्यंत गेले होते. माझ्या हातात तळलेल्या केळ्यांची पुडी होती, ती त्याने घेतली, आभार मानले आणि खिडकीतून सगळ्यांना एकसारखा हात केला. तुतिकला, बूंना आणि मला. अगदी एकसारखा.

आठ महिने. त्याचं पत्र नाही, फोन नाही. मी तरी कुठे केला? देन्युतची नवी आवृत्ती आली की खाली दोन ओळींची टीप यायची, 'लहान दुरुस्त्या केल्या. वापरणाऱ्यांचे आभार. – रुस्दी.' ती टीप मी चारचारदा वाचायची. वापरणाऱ्यांत मीही होते ना! शिकवणीचा त्याचा एक व्हिडिओ होता, त्यात तो म्हणायचा, 'आता खालचं बटण दाबा... दाबलंत?' आणि रिकाम्या प्रयोगशाळेत मी म्हणायची, 'दाबलं.' असा वेडेपणा. बाक्सो खाताना गाडीवाल्या बाईंनी विचारलं, "तो तिखटवाला येत नाही हल्ली?" मी वाडग्यात तिखटाचे चार चमचे घातले.

मग माझा लेख एका नियतकालिकाकडे गेला, आणि तपासनिसाने परत पाठवला. 'वगळलेल्या प्रत्येक तुकड्याचं कारण पुन्हा तपासून कळवा.' बसले. एक ते तीस, कुणाचे दोन तुकडे, कुणाचा एक. सगळी कारणं चोख. मग एकतीस.

श्वासाचा पट्टा पहिल्यांदाच उघडला. पहिला तुकडा... पट्टा शांत. दुसरा, शांत. अकराच्या अकरा ठिकाणी तो माणूस तसूभरही हलला नव्हता!

मग काय उसळलं होतं? मी खुणा लावून पाहिल्या. नऊ ठिकाणी माझा आवाज होता. 'डोळे मिटा'ला सुद्धा. दहाव्या ठिकाणी माझ्या वहीत लिहिलं होतं, 'आत जाऊन बोटाची तार नीट केली.' अकराव्याला खूणच नव्हती. त्या मिनिटाला वही तुतिककडे देऊन मी बाहेर गेले होते, आणि तिच्या अक्षरात शेरा होता, 'दाराबाहेर वेनिंग मोठ्याने हसली, पुढच्या वेळी दम देणे.'

ते रेघेत पाहा.

त्याने सांगितलं होतं. बोलता येत नव्हतं म्हणून मला समजेल अशा एकुलत्या एका लिपीत लिहून दिलं होतं. आणि मी प्रत्येक शब्दावर काट मारली, शेजारी माझं नाव घातलं आणि जगाला दाखवलं. त्याने तो नकार समजला. दुसरं काय समजणार होता बिचारा! काखेत कळसा आणि आठ महिने गावाला वळसा. मी तिथेच, प्रयोगशाळेत, शेजारी बसलेल्या बूंच्या देखत, तोंड झाकून रडले.

बू हारसिनींनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला. "चूक केलीस की काय करायचं असतं, पोरी?"

"दिसेल अशी सुधारायची."

"मग?"

मी स्वतःच खुर्चीत बसले. तुतिकने तारा लावल्या, पट्टा बांधला. समोर त्याचा व्हिडिओ लावला. 'आता खालचं बटण दाबा... दाबलंत?' नोंद झाली तशी, एकही तुकडा न कापता, मी देन्युतच्या पानावर चढवली. तिथे चुका कळवायची जागा असते. तिथे लिहिलं:

'नोंद ३१ मध्ये अकरा चुकीच्या दुरुस्त्या आहेत. चूक प्रोग्रामची नाही, माझी आहे. पट्टा न पाहता मी हालचाल म्हटलं. अकराही मागे घेत आहे. सोबत माझी नोंद जोडली आहे, पण ती पाहून कुणी अंदाज बांधू नये, कारण रेघ फक्त किती ते सांगते. का ते मी सांगते. मला रुस्दी आवडतो. तो गेल्यापासून एकही दिवस बरा गेलेला नाही. – वेनिंग, मालांग.'

बटण दाबल्यावर लक्षात आलं की हे पान जगभरची माणसं वाचतात. दुसऱ्या दिवशी फिनलंडच्या कुणा माणसाने खाली लिहिलं, 'नोंद स्वच्छ आहे. माझी खात्री पटली.' चिलीच्या एका बाईने नुसते टाळ्यांचे हात टाकले. ज्याने लिहायचं तो गप्प. चार दिवस जीव टांगणीला. अंगकोतमध्ये गुडघ्यांकडे बघायचं मी सोडून दिलं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं.

'चूक मान्य. पण एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. प्रत्यक्ष येऊन पडताळतो. तोवर ही तक्रार बंद करू नये. – रुस्दी.'

सोमवारी संध्याकाळी घरी निघाले. अंगकोत गच्च भरलेली, बाहेर पाऊस भुरभुरत होता. बाजाराच्या थांब्यावर एकजण वाकून आत शिरला, खांद्याला पिशवी, अंगाला बोटीच्या डिझेलचा वास, आणि माझ्यासमोर कशीबशी जागा करून बसला. गुडघ्याला गुडघा. मी वर पाहिलं.

मीच आधी म्हटलं, "बारीक झालात."

"तुमच्याकडचं जेवण गोड असतं, म्हणून घशाखाली जात नाही म्हणायचो... तिकडे तर काहीच गेलं नाही." त्याने पिशवी मांडीवर घेतली. "म्बाक, त्या दिवशी मी तोंडाने सांगायला हवं होतं."

"मग आता सांगा."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मी तर अख्ख्या जगासमोर सांगितलं."

कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, "सांग रे बाबा, मला पुढच्या थांब्यावर उतरायचंय."

"मला तू आवडतेस, वेनिंग," रुस्दी म्हणाला. म्बाक नाही, तुम्ही नाही. "हललो नव्हतो मी. एकदाही."

मी त्याचं मनगट हातात घेतलं. ठोके जोरात लागत होते, भराभर, एकात एक अडकत. मोजायला गेले आणि मोजणीच चुकली.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. गालाला ती घडी पडली.

"अंगठ्याने मोजतेयस तू."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि अंगठा तिथेच ठेवला.