पहिला घास

कोल्हारजवळच्या एका आरोग्य केंद्रात ज्योती ऐन दुपारी बाळंत झाली. मुलगा. डॉक्टर वृषालीनं नाळ कापली, बाळ कोरडं केलं आणि नेहमीप्रमाणे पाहायला घेतलं. रंग, ठोके, श्वास, हातापायांचं बळ, रडणं. ठोके बरे होते. पण अंग निळसर, ढिलं, आणि श्वास नव्हता.

"रडत का न्हाई वो?" ज्योतीनं टेबलावरूनच विचारलं.

"रडेल. थांब जरा."

वीज गेलेली, घसा साफ करायचं यंत्र बंद. वृषालीनं तोंडानं ओढायची नळी घेतली. एक टोक बाळाच्या तोंडात सरकवलं, दुसरं स्वतःच्या ओठांत धरून ओढलं. मधल्या डबीत चिकट पाणी यायला हवं होतं. आली ती चावलेली भाकरी. बाजरीची, लाळेनं लिबलिबीत झालेली, त्यात कांद्याचा पापुद्रा. आंबूस वास नळीतून थेट तिच्या टाळूला भिडला.

नर्स यशोधरानं नाकाला हात लावला. "मॅडम, हे आईच्या पोटातलं..."

"आईच्या पोटातलं इथं येत नसतं."

वृषाली बादलीत ओकली. चूळ भरायलाही सवड नव्हती. बाळ काळंनिळं पडत चाललं होतं. तिनं नळी पुन्हा ओठांत धरली. आता काहीच येईना. घशात काहीतरी अडकलं होतं. तिनं बोट घातलं. हिरड्या मऊ, गुळगुळीत. त्यांच्यामागे एक केस लागला. पांढरा, घासाभोवती गुंडाळलेला. ती ओढत राहिली, तो संपेना.

शेवटी केसासकट घास बाहेर आला आणि बाळानं श्वास घेतला. अंग गुलाबी झालं. तळव्यावर टिचकी मारताच पाय आखडला. रडलं मात्र नाही. जीभ फिरवून ओठ चाटत राहिलं.

वृषालीनं हात पुन्हापुन्हा धुतले. कांद्याचा वास जाईना.

"नगरला पाठवू याला," ती म्हणाली.

"काय झालंय म्हणून पाठवायचं, मॅडम?" यशोधरानं हळूच विचारलं.

वृषालीनं बाळ आईच्या कुशीत दिलं.

पाजायला घेतलं, तर बाळ तोंड उघडेना. ज्योतीनं हसत करंगळी त्याच्या ओठांत घातली.

तिचं हसू थांबलं.

"काय गं?"

"काय न्हाई, मॅडम."

तिनं बोट काढून मूठ मिटली. बाळाला पदराआड घेतलं.

वृषालीनं ती मूठ उघडली. करंगळीवर वरून आणि खालून दातांचे वण उमटले होते. मोठ्या माणसाच्या.