न रडणारं लेकरू

"आत्ताच तर पाजलंस... परत?"

भाकरी थापता थापता लंकाबाईंचा हात परातीतच थांबला. समोरच्या खोलीत त्यांची सून सुकन्या भिंतीला टेकून बसली होती आणि महिन्याभराचं बाळ पुन्हा तिच्या पदराखाली होतं. पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आधी एकदा झालं होतं, शेवटची अजून उतरायची होती, तर पुन्हा! लंकाबाईंचा जीव व्याकुळ व्हायचा. पोट भरलेलं पोर असं घडीघडीला मागेल कशाला? सुनेचं दूध पुरत नव्हतं आणि ती ते कबूल करत नव्हती... एवढंच त्यांना दिसत होतं.

"आत्या, तान्ही बाळं अशीच पितात," सुकन्या खाली बघतच म्हणाली. "नर्सबाई म्हणाल्या, मागेल तेव्हा द्यायचं. दिवसरात्रीत दहा-बारा वेळा झालं तरी काही वावगं नाही. वजन वाढतंय ना त्याचं."

"नर्सबाईचं ऱ्हाऊ दे. माझा बजरंग सकाळी, दुपारी आन् दिस मावळताना प्यायचा. मधी हूं न्हाई का चूं न्हाई. ऊसतोडीची सगळी टोळी म्हणायची, लंके, लई गुणाचं लेकरू हाय तुझं."

ते कौतुक त्यांनी इतकी वर्षं सोन्याच्या मण्यासारखं काळजाशी जपलं होतं. पाथर्डीकडचं कोरडं गाव, दर दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायचं, फडाच्या कडेला बाभळीला साडीची झोळी बांधायची, लेकराला त्यात घालायचं आणि कोयता उचलायचा. तोच बजरंग आता नागापूरच्या एका कारखान्यात कामाला लागला होता, केडगावात दोन खोल्या घेऊन राहत होता. सुनेला आई नव्हती, म्हणून यंदा लंकाबाई टोळीबरोबर गेल्या नाहीत. त्यांच्याशिवाय कधी फडात न उतरलेले त्यांचे नवरे काकासाहेब पुतण्याला जोडीला घेऊन निघाले, तेव्हा गाडीत चढताना एकदाच मागे वळून बघितलं होतं त्यांनी... डिंकाचे लाडू, शेक, बाळाचं न्हाणं, कशातच लंकाबाईंनी कसर ठेवली नव्हती. आणि त्यांनी हौसेनं आणलेला पावडरच्या दुधाचा डबा मात्र सुनेनं न फोडता फळीवर ठेवून दिला!

संध्याकाळी बजरंगने हळूच सांगितलं, "आये, तिला तिच्या मनानं करू दे."

पोटच्या पोराचा तो शब्द आतवर रुतला. सगळं सोडून आले, ते परकी होण्यासाठी? दोन दिवसांत टोळीकडे निघायचं, त्यांनी ठरवून टाकलं. पण जाण्याआधी बाळाला वेळेवर पिण्याची सवय लावून दाखवायची, म्हणजे कळेल हिला.

दुसऱ्या दिवशी बजरंग कामावर गेला. न्हाऊन आलेली सुकन्या बाजेवर शेक घेत पडली, तेव्हा बाळाला जरा उन्हात नेते म्हणून लंकाबाई त्याला घेऊन गच्चीवर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. थोड्याच वेळात बाळ रडू लागलं. खालून सुकन्याची हाक आली, "आत्या, आणा ना त्याला..." त्यांनी ओ दिली नाही. जरा दम काढ राजा, लागंल सवय, असं पुटपुटत त्या बाळाला थोपटत राहिल्या. रडणं चढलं, चिरकलं, बारीक झालं... आणि थांबलं.

लंकाबाईंना जिंकल्यासारखं वाटलं. झोपलं असेल म्हणून त्यांनी दुपट्याचं टोक बाजूला केलं.

बाळ झोपलं नव्हतं. डोळे टक्क उघडे होते. ओठ एकदा या बाजूला वळले, एकदा त्या बाजूला, काहीच लागलं नाही, तेव्हा इवलीशी मूठ तोंडात धरून ते कुठेच न बघता बघत राहिलं. भूक तशीच होती, मागणं तेवढं संपलं होतं.

आणि हा चेहरा लंकाबाईंच्या ओळखीचा होता... भर दुपारी, चिरलेल्या हातांनी झोळीचा काठ सरकवला की असाच दिसायचा. हेच डोळे, हीच मूठ. गुणाचं लेकरू! फडात कितीदा चोळी भिजून जायची, पाचटाची धूळ त्या ओलीला चिकटायची, आणि टोळीच्या मुकादमाच्या धाकानं त्या दात आवळून तोडतच राहायच्या... ती ओल इतकी वर्षं त्यांनी आठवूच दिली नव्हती स्वतःला.

दार ढकलून ओल्या केसांची सुकन्या धापा टाकत आली. लंकाबाईंनी बाळ तिच्या ओटीत दिलं.

"घे. आधी घे त्याला." बाळ चुटुचुटू पिऊ लागलं तसा त्यांचा बांध फुटला. "बजरंगचं पोट भरलेलं नसायचं गं माय... कुनी येत न्हाई, हे कळलं हुतं त्याला. म्हणून गप ऱ्हायचा. आन् मी जगाला सांगत सुटले!"

मनात साठवलेले सगळे कडू शब्द सुकन्याच्या ओठांवरून विरून गेले. तिने मोकळ्या हाताने सासूला जवळ ओढलं.

"तुम्ही झोळीकडे आपणहून गेला नाहीत असं नाही, आत्या. तुम्हाला जाऊ दिलं नाही कुणी."

कुणीतरी हे म्हणावं म्हणून आपण इतकी वर्षं थांबलो होतो, हे लंकाबाईंना तेव्हा उमगलं. त्या दोघी त्या उन्हात कितीतरी वेळ रडत बसल्या, आणि त्यांच्यामध्ये ते लेकरू निवांत पीत राहिलं.

टोळीकडे जाण्याचं नाव त्यांनी मग काढलं नाही. बाळाने नुसती मान हलवली तरी त्याच हाक देत, "सुकन्या, बोलवायला लागलाय बघ." बाळ चांगलं बाळसं धरून हसू-खिदळू लागलं, सुकन्याच्याही अंगात बळ आलं, तेव्हा तिचा निरोप घेऊन त्या काकासाहेबांच्या मदतीला फडात गेल्या.

तिथे रेश्मा नावाची नवी बाळंतीण शेजारच्या सरीत ऊस तोडत होती. बांधावरून तिच्या तान्ह्याचं रडणं आलं, तशी तिने मुकादम बिभीषणकडे बघून मान खाली घातली.

"जा, पाज त्याला," लंकाबाई म्हणाल्या.

"मावशी, आत्ताच तर गेल्ते..."

"परत जा. मागंल तितक्यांदा जा. तुझी सरी मी बघते."

बिभीषण करवादला, असं दर घडीला कुणी पाजतं का?

लंकाबाई पाठ सरळ करून उभ्या राहिल्या. "मुकादम, तुमी काय मिशा घेऊनच जन्माला आलता? तुमच्या आयेला इचारा घरी गेल्यावर."

बाया खुदखुदल्या, काकासाहेब तोंड फिरवून हसले, आणि बिभीषण मिशीवर हात फिरवत दुसऱ्या सरीकडे निघून गेला. रेश्मा कोयता टाकून बांधाकडे पळाली. लंकाबाईंनी पदर घट्ट खोचला आणि दोन बायांचा ऊस एकटीने तोडायला घेतला.