भैरूमामाच्या वाट्याच्या गोळ्या

स्वप्नाली ट्रकच्या ट्यूबवर बसून नदीतलं जाळं ओढत होती, तेवढ्यात काठावरून हाक आली.

"ओ ताई, रंगुबाईंचं घर कुठलं?"

हाक मारणाऱ्याचे दोन्ही बूट चिखलात रुतले होते. एक पाय उपसला की दुसरा आत जात होता. तिला हसू आवरेना.

"आधी भायेर तर निघा. काय काम हाय?"

"मी संघर्ष. सरकारी दवाखान्यातून आलोय. त्यांच्या टीबीच्या गोळ्यांचं बघायचंय."

"ती माझी आई." तिनं ट्यूब काठाला लावली, हात पुढं केला. तो बाहेर आला... पण हात सोडायचं दोघांनाही क्षणभर सुचलं नाही.

भिल्लांची ती सहा घरांची वस्ती. रंगुबाई दारात खोकत बसली होती. संघर्षनं गोळ्यांची रिकामी पाकिटं पाहिली.

"अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या चौदा दिवसांत कशा संपल्या?"

"शेजारचा भैरूमामा बी खोकतो," स्वप्नाली म्हणाली. "त्याचा वाटा त्याला दिला."

वस्तीची रीतच तशी होती. जाळ्यात जे येईल त्याचे सहा वाटे पडायचे. जो आजारी पडला, नदीवर गेला नाही, त्याच्याही चुलीला वाटा असायचाच. मग औषध तेवढं एकट्यानं कसं खायचं?

संघर्ष चिडला. "कार्डावर लिहिलंय, घरात मुलगी बारावी शिकलेली. ती तुम्हीच ना? औषध अर्धवट सुटलं की रोग त्याला दाद देत नाही. आई हातची जाईल."

स्वप्नालीचा चेहरा उतरला. पण ती गप्प बसली नाही.

"गोळ्यांसंगं आलेलं तुमचं पत्रक मीच वाचून दाखवलं समद्यांना. वाटू नका, असं कुठं लिवलंय त्यात?"

त्यानं पत्रक दोनदा वाचलं. तसं खरंच कुठं नव्हतं. छापणाऱ्याच्या ते ध्यानातही आलं नसेल.

"चुकलं आमचं," तो हळूच म्हणाला. साहेबमाणसाच्या तोंडून हे शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती. "मग घरोघर जाऊन सांगू?"

"नगं. सकाळी वाटे पडतात तवा या. तिथं ठरलेलं कुणी मोडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो माशांच्या ढिगांपाशी उभा राहिला. पुस्तकी बोलत होता, अडखळत होता. शेवटी स्वप्नालीच पुढं झाली.

"मासा वाटला तर समद्यांचं पोट भरतं. ही गोळी वाटली तर कुणाचाच खोकला जात न्हाई. ज्याची त्यानंच खायची, शेवटापतूर."

भैरूमामानं हातातला वाटा खाली ठेवला. मग म्हणाला, "माझी बी थुंकी तपासा." त्यालाही टीबी निघाला. त्याची औषधं वेगळी सुरू झाली, आणि रंगुबाईची पुन्हा पहिल्यापासून.

सहा महिने संघर्ष येत राहिला. आधी मंगळवारी, मग गुरुवारीही.

"मंगळवारी गोळ्या बघता. गुरवारी काय बघता?" स्वप्नालीनं एकदा विचारलं.

"गुरुवारी... इकडून पुढं जायचं असतं."

"पुढं नदी हाय."

तो कानापर्यंत लाल झाला.

आणि एक दिवस तो रंगुबाईचा शेवटचा रिपोर्ट घेऊन आला. रोग गेला होता. म्हातारीनं कागद कपाळाला लावला आणि भैरूला सांगायला लगबगीनं निघाली. अंगणात दोघंच उरली.

"बातमी चांगली हाय," स्वप्नाली म्हणाली, "आन् तोंड असं का?"

"भैरूमामांचा कोर्सही संपला. आता इथं यायला कारण नाही राहिलं."

ती जाळ्याची गाठ सोडवत बसली. गाठ कधीच सुटली होती, तरी बोटं चालूच होती.

"गुरवारी या," ती वर न बघता म्हणाली.

"वाटेत कुणी विचारलं, कुणाकडं निघालात, तर काय सांगू?"

आता तिनं वर पाहिलं... चांगलं डोळ्यांत डोळे घालून.

"माझं नाव सांगा."