हाकेला आलेली ओ

तुम्ही इथे पलंगावरच बसा. त्या खुर्चीचं राहू द्या. चहा ठेवलाय, होईपर्यंत सांगतो. मला बोलायला फारसं जमत नाही, शाळाही अर्ध्यात सुटली. सांगताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

मी कॅमेरे बसवायचो. भिंतीला भोक पाडायचं, वायर ओढायची, कॅमेरा घरातल्या इंटरनेटच्या डब्याला जोडायचा आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चित्र आणून द्यायचं. त्या दिवशी दुपारी मालक म्हणाले, "एकच कॅमेरा आहे. म्हातारे गृहस्थ एकटे असतात. जा आणि लगेच ये." मी शिडी खांद्यावर टाकली आणि निघालो.

वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार ताईंनी उघडलं, त्या गृहस्थांच्या मुलीने. पायात बूट, खांद्याला पर्स, भरलेली बॅग दाराशीच.

"संध्याकाळची गाडी आहे माझी. त्याच्या आत झालं पाहिजे हं, दादा."

आतल्या खोलीत काका पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "या, कॅमेरेवाले! माझ्यावर पहारा बसवतायत. मी काय बँक आहे का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांची नजर माझ्यावर नव्हतीच. खिडकीपाशी लाकडी हातांची एक जुनी खुर्ची होती, ते तिच्याकडे बघत होते. खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती. आणि तिथे वास येत होता, ओलं कापड बरेच दिवस घडी घालून ठेवल्यावर येतो तसा.

ताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आई गेल्यापासून बाबांचं असं झालंय. म्हणतात, खुर्चीत कोणीतरी बसतं आणि बघत राहतं. जेवण सोडलंय, झोप नाही. माझी रजा संपली, घरी मुलगी लहान आहे. मी तरी किती दिवस राहणार? म्हणून आमचं ठरलंय. कॅमेऱ्यात कोणी दिसलं, तर मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाईन. जागा नाही, सासूबाई कुरकुर करतील, तरी नेईन. नाही दिसलं, तर त्यांनी हा विषय कायमचा बंद करायचा आणि इथेच राहायचं."

"आई त्या खुर्चीत बसायच्या का?" मी विचारलं.

आतून काकांचाच आवाज आला. कान तिखट होते त्यांचे. "ती कधीच बसली नाही त्यात. म्हणायची, जागा रिकामी नाहीये."

"बाबा, पुरे!"

"आम्ही राहायला आलो तेव्हापासून आहे ती खुर्ची. दोनदा बाहेर नेऊन ठेवली मी," काका म्हणाले. "मग तो पलंगाच्या काठावर बसायला लागला. माझ्या पायाशी. त्यापेक्षा खुर्ची बरी."

मी शिडी लावली. दाराच्या वर, कोपऱ्यात, पलंग आणि खुर्ची दोन्ही दिसतील असा कॅमेरा बसवला. वायर डब्यात खोचली. हिरवा दिवा लागला. ताईंच्या मोबाइलवर चित्र आलं: पलंग, काका, रिकामी खुर्ची. मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात चित्र हललं आणि बदलून गेलं.

आता मोबाइलवर काका समोरून दिसत होते. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. त्यांच्या मागे भिंत होती आणि बाजूला शिडीवर उभा असलेला मी. खुर्चीकडून दिसेल तसं.

मी वळून बघितलं. खुर्ची रिकामी होती.

पुन्हा माझ्याच कॅमेऱ्याचं चित्र आलं. मग पुन्हा ते दुसरं. असं होतं कधी कधी, तेही सांगतो. इंटरनेटच्या डब्याला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक पत्ता असतो. नवीन कॅमेरा कारखान्यातून ठरलेला पत्ता घेऊन येतो, आणि आमच्या दुकानात तो सगळ्यात शेवटी बदलायची सवय. आधीच कुणी त्याच पत्त्यावर बसलेलं असेल, तर पोस्टमनचा गोंधळ होतो. एक पत्र या घरात, एक त्या घरात. चित्र उलटसुलट येतं.

"ताई, घरात आधीचा एखादा कॅमेरा आहे का?"

"छे! आमच्याकडे कुठला असणार?"

यावर एक उपाय असतो. आपल्या कॅमेऱ्याची वायर काढून टाकायची आणि लॅपटॉपवरून त्या पत्त्याला हाक मारायची. कोणी नसेल तर पडदा गप्प राहतो. असेल तर ओ येते, म्हणजे उत्तराची एक ओळ उमटते. मी वायर काढली. हाक मारली.

ओ आली.

मी कपाटावर चढून बघितलं. पडद्याचा दांडा, घड्याळ, खुर्चीची खालची बाजू, सगळं चाचपलं. खुर्चीला हात लावला तेव्हा गादी कोमट लागली. मी हात झटकन मागे घेतला. कॅमेरा कुठेच नव्हता. मग लॅपटॉपची सोडून डब्यातल्या बाकी वायरी एकेक करून उपटल्या. शेवटी डबाच बंद केला. आता लॅपटॉपची वायर मेलेल्या डब्यात होती. पलीकडे कोणी असणं शक्यच नव्हतं.

हाक मारली. ओ आली. एकामागून एक ओळी उमटत गेल्या, कुणीतरी वाटच बघत असल्यासारख्या...

"काय झालं?" ताईंनी घड्याळाकडे बघत विचारलं. "गाडी चुकेल माझी."

सगळ्या वायरी परत खोचून डबा पुन्हा चालू केला. मोबाइलवर ते खुर्चीकडचंच चित्र होतं, पण आता त्यात काका नव्हते. माझी पाठ होती. अगदी जवळून. शर्टाची उसवलेली शिवण दिसत होती. भिंतीवर ठोकलेला कॅमेरा मान वळवत नाही. हे चित्र श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं.

"ताई... हे बघा... लवकर..."

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्या क्षणीच चित्र पालटलं. वरून दिसणारा पलंग. काका. रिकामी खुर्ची.

"आलं की चित्र!" त्या म्हणाल्या आणि पलंगाशी जाऊन बसल्या. "बघा बाबा. नीट बघा. कोणी नाही. ठरल्याप्रमाणे आता विषय संपला."

काकांनी मोबाइलकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं. "तू बघितलंस ना, बाळा? सांग तिला. माझं कोणी ऐकत नाही रे."

ताई रागावतील हे दिसत होतं. तरी मी बोललो. "ताई, काका खरं सांगतायत. त्यांना इथे ठेवू नका. त्या खुर्चीतून कोणीतरी... मला चित्र दिसलं, ताई. तो चित्रात दिसणार नाही, कारण बघणारा तोच आहे..."

ताईंचा चेहरा लाल झाला. "म्हातारा माणूस, त्याचं मी समजू शकते. तुम्ही धडधाकट असून त्यांच्या डोक्यात आणखी भरवताय? लाज नाही वाटत?"

"मी खोटं बोलत नाही, ताई. पाया पडतो..."

"काम पूर्ण करा आणि निघा."

काय करणार? माझ्या कॅमेऱ्याला दुसरा पत्ता दिला. चित्र स्थिर झालं. जुन्या पत्त्याला मी परत हाक मारून बघितली नाही. धीरच झाला नाही. निघताना काकांनी माझं मनगट धरलं. पकड लहान पोरासारखी होती, सुटता सुटेना. ताईंनी एकेक बोट सोडवलं. मग वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसत जिना उतरल्या. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो नाही. पाय आपोआप तिकडे वळले. जिना चढत होतो तेव्हा ताईंचा फोन आला. आवाज मऊ होता.

"दादा, काल मी फार बोलले. रागावू नका. आणि दुसरा कॅमेरा लावलात ते बरं केलंत. मी सगळे कॅमेरे शोधायचं बटण दाबलं, तर दोन आले. त्यातून बाबांचा चेहरा छान दिसतो. फक्त एक विचारायचं होतं... बाबांचा डोळा लागला, की तो त्यांच्या इतका जवळ का जातो? रात्रभर नुसती पापणी दिसत होती."

मी दारापर्यंत पोहोचलो होतो. बेल दाबली.

"ताई, आत्ता त्यात काय दिसतंय?"

"आत्ता? थांबा हं... बाबा तुमच्या कॅमेऱ्यात पलंगावर पडलेत. दुसऱ्यात... दार दिसतंय. घराचं दार, आतल्या बाजूने." त्या थांबल्या. "दादा, ते दार जवळ येतंय."

मला पळायचं होतं. पण आत काका होते. पलंगावर पडलेले, हलणारे की न हलणारे, मला ठाऊक नव्हतं. मी तिथेच उभा राहिलो. आतून कडी सरकली. दार उघडलं. समोर कोणी नव्हतं. ओल्या कापडाचा वास तेवढा अंगावरून गेला आणि मागे थांबला.

मी आत धावलो. काका जागे झाले होते. ते कोपरावर उठून खुर्चीकडे बघत होते. गादी हळूहळू फुगून वर येत होती.

"उठला," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या खांद्याच्या मागे बघितलं, आणि रडणं एकदम थांबलं. तोंडावर हात ठेवून ते भिंतीपर्यंत मागे सरकले.

ताई त्याच संध्याकाळी आल्या आणि काकांना घेऊन गेल्या. ते बरे आहेत. दोन घास जेवतात, झोप लागते. कधी कधी फोन करतात, मुलीच्या घरच्या गमती सांगतात. मी कसा आहे, हे मात्र विचारत नाहीत.

कॅमेऱ्याचं काम मी सोडलं. कुठल्याही घरी गेलो, वायर काढली आणि त्या पत्त्याला हाक मारली, की ओ यायची. लॅपटॉप विकून टाकला. सुरुवातीला या खोलीत पलंग सोडून काही नव्हतं. रात्री पायाशी गादी दबायची.

मग बाजारातून ही खुर्ची आणली. काका म्हणाले होते तेच खरं. त्यापेक्षा खुर्ची बरी.