सात बेटांची राख

"उद्या दुपारी बारा वाजता मी अठरा हजार रुपये मोजणार आहे," सावित्रीबाई नंदगडकर म्हणाल्या, "आणि त्याच व्यवहारापायी सुप्याच्या कोठडीत एक म्हातारा बसलाय. त्यानं गुन्हा केलाय की नाही, ते मला बाराच्या आत कळायला हवं."

दत्तात्रय बेकवाडकरांनी हातातला वस्तरा खाली ठेवला. एका गालाची दाढी व्हायची होती. रेल्वेतल्या मालाच्या चोऱ्या शोधण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. आता ते बेळगावात खाजगी तपास करत. पण खानापूरहून पहाटेच्या गाडीनं आलेली आणि दारात उभ्या उभ्या बोलू लागलेली अशी अशील त्यांना आजवर भेटली नव्हती.

"बसा, अक्का. पहिल्यापासून सांगा."

खुर्ची पुढे केली ती मारुती हंगिरगेकरनं. एकेकाळचा पैलवान, आता दत्तात्रयांचा जीपवाला आणि सोबती. अंगानं दांडगा, डोक्यानं जरा सावकाश.

सावित्रीबाई बसल्या. "माझ्या यजमानांचा लाकडाचा धंदा होता. त्यांनी नंदगडमागची टेकडी बोडकी केली आणि खालचा झरा आटला. ते गेले, पैसा माझ्या हाती आला. कुऱ्हाडीनं कमावलेला पैसा आता काहीतरी वाढवण्यात घालायचा, असं मी ठरवलं. खानापुरातल्या तीस बायकांनी माझ्या शब्दावर आपली पुंजी दिली. अठरातले सहा हजार त्यांचे आहेत."

"आणि घालणार कशात?"

"वेळूत. कुंभारवाड्याजवळ बाबुराव गुंजीकरांचं मालकीचं रान आहे, सव्वाशे एकर. बेटातले पिकलेले वेळू तेवढे तोडायचे, बेट मुळातून पुन्हा फुटतं. रान उजाड होत नाही, डोंगरातल्या माणसांना कायमचं काम मिळतं. हेच पैसे कोळशाच्या भट्टीत घातले तर शंकर मुचंडीकर शेकडा पंधरा व्याज देत होते. मी नको म्हटलं."

"मग अडलं कुठं?" मारुतीनं विचारलं.

"गेल्या सोमवारी त्या रानातली सात बेटं कुणीतरी तोडून जाळली. राखेत झिलू नावाच्या कुणब्याचा कोयता सापडला. बाबुराव म्हणतात, रान विकतोय म्हणून गावची माणसं चिडलीत, तुम्ही लवकर खरेदी करा आणि राखणदार ठेवा." त्यांनी मान वर केली. "माझ्या पैशानं तिथल्या माणसांच्या पोटावर पाय येत असेल, तर मला तो व्यवहारच नको."

दत्तात्रयांनी उरलेली दाढी तीन फटकाऱ्यांत उरकली. "मारुती, जीप काढ. अक्का, तुम्हीही चला."

*

१९५८चा डिसेंबर होता. लोंढ्याच्या पुढे हवा गार झाली आणि दोन्ही बाजूंनी रान जवळ आलं. दुपारी ते कुंभारवाड्याला पोचले तेव्हा बाबुराव वाटेवरच उभे होते. पन्नाशीचा, स्वच्छ धोतरातला, नम्र माणूस.

"बघा साहेब, काय केलंय!" ते त्यांना आत घेऊन गेले. सडकेपासून चांगला अर्धा मैल. दोन्हीकडे माणसाच्या दंडाएवढे काटेरी वेळू उभे होते. मग एकदम मोकळी जागा आली. काळी राख, आणि राखेत सात खड्डे.

दत्तात्रय वाकले. "मुळासकट खणून काढलंय."

"द्वेष, साहेब! पुन्हा फुटू नये म्हणून."

राखेभोवती दोन हात रुंदीचा पट्टा पालापाचोळा झाडून साफ केलेला होता. त्यापलीकडे गुडघ्याएवढी हिरवी रोपं दाट उगवली होती. मारुतीनं एक उपटलं.

"रानात भात कुणी पेरलंय हो?"

"गवत आहे ते," बाबुराव म्हणाले. "सगळीकडे उगवतं."

दत्तात्रयांनी मागं वळून पाहिलं. आल्या वाटेवर असलं गवत त्यांना दिसलं नव्हतं.

"ही सात बेटं होती कशी, बाबुराव?"

"हिरवीगार! पावसाळा सरल्यावर मी स्वतः मोजली. रानातली सगळ्यात भारी बेटं. आणि यंदा कोंब किती आले म्हणून सांगू! पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी आज पैसे घातले तर पुढची चाळीस वर्षं दरसाल तोड मिळेल."

परत येताना मारुती म्हणाला, "माणूस भला दिसतो. एवढं नुकसान होऊन शिवी नाही तोंडात."

"नुकसान झालेला माणूस इतका शांत कसा, याचाच मी विचार करतोय."

*

झिलूची बहीण काशी अंगणात चुलीपाशी बसली होती. सावित्रीबाईंना पाहून तिनं पदर सावरला, पण नजर काही खाली घातली नाही.

"माझ्या भावानं जाळलं न्हाई. त्या रानाच्या टोपल्या इकून आमी जगतो. आपलंच ताट कोन लाथाडंल?"

"पण त्याचा राग होता ना?" दत्तात्रयांनी विचारलं.

"व्हय, हुता. बाबुराव सावकारानं दिवाळीत येळू तोडाय बंदी केली. राग यील न्हाई तर काय?"

"यंदा कोंबांचं लोणचं घातलंत की नाही, काशीअक्का?"

प्रश्न ऐकून मारुतीनं कपाळावर हात मारला. काशी मात्र सरळ म्हणाली, "कशाचं लोणचं? आख्ख्या पावसात एक कोंब न्हाई आला. बाया रिकाम्या पाट्या घिऊन माघारी आल्या."

तिनं पाहुण्यांना पेज वाढली. मारुती दोन घोट प्यायला आणि थांबला. दाणे लांबट, तांबूस होते. चव गव्हाकडे झुकणारी.

"हे कुठले तांदूळ?" दत्तात्रयांनी विचारलं.

"रानातलं धान हाय. वैशाखात गावलं थोडं, आता जळली त्या जागंवर. सावकारानंबी तवा हेच इचारलं हुतं, हे काय म्हून."

"याआधी कधी खाल्लं होतं?"

काशीनं बोटं मोजली नाहीत, आठवत राहिली. "एकदाच. मी धा वर्सांची हुते. ती सायबाची पयली लढाई लागली बगा, त्या सुमारास. तवा मातुर पोत्यांनी हुतं."

दत्तात्रयांच्या हातातली वाटी तशीच राहिली. ते त्या दाण्यांकडे इतका वेळ बघत राहिले की सावित्रीबाईंना वाटलं, त्यांना पेज बाधली. मग ते एकदम उठले. डोळे चमकत होते.

"काशीअक्का, उद्या आमच्याबरोबर सुप्याला येता? भावाला घेऊन परत या."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्यात त्यांनी आधी झिलूची गाठ घेतली. साठीचा, वेळूसारखाच सडसडीत माणूस. फौजदारांनी त्याला बाकावर बसवलं होतं, चहाही दिला होता.

"कोयता माझाच हाय," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पर सावकाराच्या मानसानं दिवाळीतच काडून घेतला. बंदी केली तवा आमच्या सगळ्यांचंच कोयतं नेलं."

"असं सगळेच म्हणतात," बाहेर आल्यावर मारुती पुटपुटला.

खरेदीखत व्हायचं त्या कचेरीसमोरच्या हॉटेलात शंकर मुचंडीकर भजी खात होता. कोळशाचा ठेकेदार, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं.

"माझ्यावर संशय? घ्या की! बाई घाबरून मागे हटल्या तर माझाच फायदा आहे. ते रान मला मिळालं तर आज, या टेबलावर, वीस हजार मोजीन. वेळू सगळा साफ तोडायचा आणि कागदाच्या गिरणीला द्यायचा. पण बाबुराव म्हणतो, बाईंना शब्द दिलाय, शिवाय तुझी रोकड कधी वेळेवर दिसलीय?"

"तोडायला किती वर्षं घ्याल?"

"माणसं मिळतील तशी. पाच वर्षं लागतील."

"याला जीपमध्ये घालू का?" बाहेर येऊन मारुतीनं विचारलं. "हाच तर आहे. बाईंना घाबरवायला यानंच जाळलं."

"जीप राहू दे," दत्तात्रय म्हणाले. "बारा वाजायला दहा मिनिटं आहेत. आपल्याला समोरच जायचंय."

*

कचेरीच्या ओसरीवर खरेदीखत तयार होतं. बाबुराव टाक घेऊन बसले होते. फौजदार झिलूला घेऊन आले. शंकर गंमत बघायला आला होता. काशी खांबाला टेकून उभी होती.

"सही करण्याआधी पाच मिनिटं द्या," दत्तात्रय म्हणाले. "बाबुराव, तुमची सात बेटं कुणी जाळली ते मी सांगतो."

"झिलूनंच."

"झिलूला सूड घ्यायचा असता तर त्यानं सडकेकडेची बेटं पेटवली असती. एक काडी लागली असती. इथं माणूस अर्धा मैल आत गेला, सात बेटं कुदळीनं मुळासकट खणली, आणि पेटवण्याआधी भोवती पट्टा झाडून घेतला, बाकीच्या रानाला धग लागू नये म्हणून! हे एका म्हाताऱ्याचं काम नाही. चार गड्यांचं दोन दिवसांचं काम आहे. आणि जाळणाऱ्याला रान जपायचं होतं."

"म्हणजे शंकर!" मारुती म्हणाला.

"मलाही तसं वाटलं होतं. पण शंकरराव हा वेळू पाच वर्षं तोडत बसायला निघालेत, वीस हजार देऊन. म्हणजे काय होणार आहे ते त्यांना ठाऊकच नाही."

"काय होणार आहे?" शंकरचं हसू थांबलं.

"सगळा वेळू मरणार आहे."

फौजदार दोन पावलं जवळ आले. दत्तात्रय पुढे सांगू लागले.

"हा काटेरी वेळू चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकदाच फुलतो. रानंच्या रानं एकदम. फुलतो, बी टाकतो आणि वाळून जातो. बी तांदळासारखं असतं. काल आपण त्याचीच पेज प्यायलो, मारुती. काशीअक्कांनी ते याआधी खाल्लं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. हिशेब करा, चव्वेचाळीस वर्षं झाली. फुलण्याआधी बेट नवे कोंब देत नाही. यंदा एकही कोंब आला नाही."

सावित्रीबाईंनी हळूहळू बाबुरावांकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात, पाय ठेवायला जागा नव्हती."

"तेच पहिलं खोटं," दत्तात्रय म्हणाले. "दुसरं याहून मोठं. सगळ्या रानाच्या आधी काही बेटं फुलतात. ती ही सात. गेल्या हिवाळ्यात फुलली, वैशाखात बी टाकून मेली. ते बी पावसात उगवलं. मारुती ज्याला भात म्हणाला, ती वेळूची रोपं. फक्त त्या जागेभोवतीच होती. मग पावसाळा सरल्यावर ही बेटं हिरवीगार कुणी पाहिली? मेलेली बेटं हिरवी असल्याचं एकच माणूस सांगतोय."

बाबुरावांच्या हातातला टाक खाली पडला.

"वैशाखात तुम्ही काशीअक्कांना विचारलंत, हे धान काय आहे. त्यांनी काय सांगितलं?"

काशीच पुढं झाली. "मी सांगितलं की, सावकार, रान आता फुलून मरनार. मला वाटलं, त्येनी बाईस्नी सांगितलं आसंल."

"नाही सांगितलं. बाई रान बघायला येणार, वाळलेली सात बेटं बघून कुणाला तरी विचारणार. म्हणून ती नाहीशी केली. दिवाळीत जमा केलेल्या कोयत्यांतला एक राखेत टाकला. त्यामुळे खणल्याचं कारण सापडलं, आणि बाईंना घाई करायलाही निमित्त झालं."

बाबुरावांनी खरेदीखत बाजूला सारलं. मग म्हणाले, "वडिलांनी माझ्यासाठी एवढंच ठेवलंय. एका हिवाळ्यात सगळं जाणार म्हटल्यावर माझी झोप उडाली. झिलूला चार दिवसांनी सोडवणारच होतो."

"चार दिवस!" काशी ओरडली. "तुजा बा बसला आसता का कोठडीत?"

फौजदारांनी तक्रारीचा कागद फाडला नाही. त्यावर बाबुरावांचा नवा जबाब लिहून घेतला आणि झिलूला मोकळं केलं.

*

"वाचले बायकांचे पैसे," मारुती खूश होऊन म्हणाला. "चला, अक्का, खानापूर."

सावित्रीबाई उठल्या नाहीत. "काशीअक्का, मागच्या वेळी रान मेलं, मग आत्ताचं कुठनं आलं?"

"बियातनं, आनी कुठनं? पर आठ-धा वर्सं गेली. निम्मं उंदरांनी खाल्लं, निम्मं गुरांनी तुडवलं. वणव्यानं जळलं ते येगळंच."

"कुणी राखलं असतं तर?"

झिलू पहिल्यांदाच मोकळेपणी बोलला. "तर आता दिसतंय त्येच्या दुप्पट रान झालं असतं. बी येचायचं, वाफ्यात लावायचं. वणव्याची पट्टी काडायची. आमाला येतं की. कुनी इचारलंच न्हाई."

सावित्रीबाईंच्या गालावर लाली चढली. दत्तात्रयांना वाटलं, ही बाई वीस वर्षांनी लहान झाली.

"बाबुराव, मी वेळू घेत नाही. जमीन घेते, नुसत्या जमिनीच्या भावानं. पाच हजार. बाकीचे रोपवाटिकेला, राखणीला आणि दहा वर्षांच्या मजुरीला. मान्य?"

"येडं आहे हे!" शंकर म्हणाला. "दहा वर्षं एक पैसा मिळणार नाही."

"ठाऊक आहे. खानापुरात जाऊन तीसही जणींना तेच सांगणार आहे. ज्यांना थांबणं जमणार नाही त्यांचे पैसे परत. माझे राहतील."

मारुतीनं खिसे चाचपले. "माझे पन्नास घ्याल?"

"आधी बायकोला विचारून ये."

बाबुरावांनी मान हलवली. कारकुनानं नवा कागद ओढला. जमीन सावित्रीबाईंनी जमवलेल्या बायकांच्या मंडळाची, आणि रान राखणाऱ्या कुंभारवाड्याच्या घरांचा उत्पन्नात निम्मा हिस्सा. पहिलं नाव झिलूचं, दुसरं काशीचं. दुपार कलेपर्यंत लिहिणं चाललं, आणि मधेच दत्तात्रयांनी सगळ्यांसाठी शंकरच्या खर्चानं भजी मागवली.

लिहून झालं. कारकुनानं शाईची डबी सरकवली. झिलूनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही, आयुष्यभराच्या सवयीनं अंगठा पुढे केला.

सावित्रीबाईंनी त्याचा हात मधेच धरला.

"थांबा, झिलूभाऊ. आधी मी सगळं वाचून दाखवते. पटलं नाही तिथं बोला. मग अंगठा."