धबधब्यापाशी बसलेली

लग्न होऊन या घरात आल्यापासून माझी कंबर जितकी वाकली, तितकी आधीच्या सगळ्या आयुष्यात वाकली नव्हती. आमच्याकडे नव्या सुनेनं प्रत्येक वडीलधाऱ्यापुढे तीनदा वाकायचं, आशीर्वाद घ्यायचा आणि पाठ न दाखवता मागं मागं सरकत तंबूबाहेर पडायचं. मी त्यात इतकी तरबेज झाले होते, की चुलीला किंवा किटलीला न धडकता उलटी चालायची. माझी नणंद बुरुल म्हणायची, "वहिनी, तुझ्या टाचांना डोळे फुटलेत."

त्या दुपारी एक घोडी उन्हाळी कुरणातून भरकटून धबधब्याकडे गेली. तिचं दूध काढायची वेळ झालेली, आमच्याकडे घोडीचंही दूध पितात. सासूबाई म्हणाल्या, "दोघी जा आणि घेऊन या तिला." मला दिवस गेलेत हे तेव्हा फक्त माझ्या नवऱ्याला, टिलेकला ठाऊक होतं. आणि तो मेंढरं घेऊन खिंडीपलीकडे होता.

धबधबा दरीच्या अगदी टोकाला. आभाळातून कुणी दोर सोडावा तसा कड्यावरून उतरतो, मधल्या सपाट कातळावर आपटतो आणि तिथून पुन्हा खाली कोसळतो. घोडीची ताजी लीद त्या कातळाच्या वाटेवर दिसली. बुरुलच्या बुटात खडा गेला म्हणून ती खाली बसली. मी पुढं झाले. वाट चांगली होती, ऊन होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतंच.

वर झाडांच्या डिंकाचा वास संपला आणि गार, ओल्या दगडाचा वास सुरू झाला. पाण्याचा आवाज इतका, की स्वतःचा श्वास ऐकू येईना. तुषारांच्या धुरात, पाण्याला पाठ टेकून एक म्हातारी बसली होती. डोक्याला पांढरं मुंडासं, आमच्या जुन्या बायका बांधतात तसं. शेजारच्या कुरणावरची कुणी असेल. मी गुडघ्यांवर हात ठेवून तीनदा वाकले.

"दोघांचं भलं होवो," ती म्हणाली.

एवढ्या गडगडाटात ते मला कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं.

दोघांचं...?

मी रीतीप्रमाणे मागं सरकू लागले. ती कौतुकानं मान डोलावत होती. "अशीच... अशीच. फार वळणाची आहेस गं."

"वहिनी!" बुरुल वाटेवरून किंचाळली. "मागं कडा आहे! वळ!"

"अगं, मोठं माणूस बसलंय..."

"कोण मोठं? तिथं नुसतं पाणी आहे!"

टाचेखालचा दगड सुटला. टाच अधांतरी राहिली. म्हातारी अजून हसत होती आणि एवढ्या तुषारांत तिचं मुंडासं कोरडं ठणठणीत होतं. मी पोटावर हात ठेवला आणि सरळ तिच्याकडे पाठ फिरवली. समोर नुसती हवा. बाजूला वाट, वाटेवर बुरुलचा हात. तो धरून मी निघाले, ताठ.

घोडी आमच्या आधीच घरी येऊन उभी होती.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं, पोटातलंही. त्या दूध घुसळायच्या थांबल्या.

"पाठ दाखवलीस?"

"हो."

"बरं केलंस." त्यांनी मला जवळ बसवलं. "थोरली सून त्याच कातळावरून पडून गेली. मेंढपाळांनी लांबून पाहिलं होतं, एकटीच उलटी चालत होती म्हणे. का, ते आज कळलं."

थोरल्या जाऊबाईंचा पाय घसरला, एवढंच मला सांगितलेलं.

संध्याकाळी पाहुण्यांसमोर सासूबाईंनी जाहीर केलं, "आजपासून माझी सून सरळ चालेल. ज्याला बोलायचंय त्यानं खुशाल बोलावं."

लोक बोललेच. मी हसण्यावारी नेलं. हिवाळा सरताना मुलगी झाली, गुटगुटीत.

आता तिला खांद्यावर घेऊन मी सगळ्यांना पाठ दाखवत बाहेर पडते. मागं कुणी नसलं तरी ती खांद्यावरून हात लांबवते, खुदकन हसते आणि मूठ मिटते. कुणी बोट पुढं केलं की बाळं मिटतात, तशी.

मी वळून बघत नाही. फक्त पुढचं पाऊल टाकताना जरा जोर लावावा लागतो...