हातभर जास्तीची तार

शेवटी त्या दोघांचं जमलं. हे वाक्य मी लिहिलं नाही, तुम्ही वाचलं नाही. आता साळसूद चेहऱ्यानं सुरुवातीकडे जाऊ या.

सुरुवातीला एक बटाटा होता. रविवारी सकाळी तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आत शिरला आणि शिलाई मशीनवर जाऊन बसला. बटाट्याला दोरी होती, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, गल्लीपलीकडच्या खिडकीत, एक घड्याळजी होता.

मशीनवर कपडे शिवणाऱ्या मुलीला सगळे कात्री म्हणत. धंद्यामुळे की जिभेमुळे, यावर दोन मतं होती. ती गॅलरीत आली.

"अहो बटाटेवाले! हे काय?"

"वजन... म्हणजे, दोरी फेकायला वजन लागतं. दोरीमागून तार येणार. मी हौशी रेडिओ चालवतो. लायसन्स आहे माझ्याकडे!"

"बटाट्याचं?"

सेकंदकाटा चिमट्यात अचूक धरणारा घड्याळजी आता दोरीला उगाचच गाठी मारत होता. कारण कळेना.

त्याचा रेडिओ पाच वॅटचा. एवढ्या शक्तीला घरातला छोटा दिवासुद्धा हसला असता. म्हणून आवाज दूरवर नेणारी तार नीट निवडायला हवी, आणि आठ महिने तो तेच करत होता. मधोमध जोडायची तार घ्यावी, तर मध्य नेमका गल्लीवर लोंबकळणार. खांबावरून दोन्हीकडे उतरवावी, तर खांब म्हटल्यावर घरमालकाच्या कपाळाला आठ्या. एका टोकाला जोडायची वीस मीटरची घ्यावी, तर एक टोक स्वतःच्या खिडकीत, पण दुसरं...

"दुसरं कुणाच्या तरी घरी बांधावं लागतं," तो म्हणाला. "तुमच्या — चालेल?"

कात्रीनं त्याच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ.

आतून मावशी ओरडली, "कोण आहे गं?"

"तार आलीय, मावशी."

"अगं बाई! कोण गेलं?"

तार बांधली गेली. पण ती मुद्दाम लांब घ्यायची असते आणि हळूहळू कापत आणायची असते. "आमच्याकडेही तसंच," कात्री म्हणाली. "जास्तीचं ठेवलं तर आत घेता येतं. कमी पडलं की बसा रडत." मग दर रविवारी तो पकड घेऊन तिच्या गॅलरीत येई, चार बोटं तार कापे आणि घरी जाऊन मीटर बघे. काटा जितका खाली, तितकी तारेची लांबी बरोबर; आणि तो शहाण्यासारखा खाली आलेला असे.

सोमवारी संध्याकाळी तोच काटा पुन्हा वर!

घड्याळजी चक्रावला. दव असेल? कबुतरं? एका रात्रीत धातू वाढतो का? त्यानं वहीत लिहिलं : 'तार वाढते. कारण अज्ञात.' खाली लिहिलं : 'बरं वाटतं. कारण अज्ञात.' काटा जागेवर बसला की समोर जायचं निमित्त संपणार होतं. आणि नाही बसला, तर त्याच्या हाकेला जगात कुणीच ओ देणार नव्हतं. नक्की काय व्हावं, हे त्याचं त्यालाच कळेना.

सहाव्या रविवारी काटा अगदी तळाला टेकला. संपलं! घड्याळजी माइकचं बटण दाबून मख्खासारखा बसून राहिला...

आणि काटा उडाला. त्याच क्षणी गल्लीपलीकडून आवाज आला, "आई गं!"

बटण सोडून तो खिडकीत धावला. कात्री गॅलरीत तारेचा चटका बसलेलं बोट तोंडात घालून उभी होती. दुसऱ्या हातात त्यानं कापलेल्या तारेचे सहा तुकडे. पाच एकमेकांना जोडलेले, सांध्यांवर रंगीत दोरा नीट गुंडाळलेला.

"हे... तुम्ही?"

"रविवारी दुपारी जोडते, पुढच्या रविवारी तुम्ही यायच्या आधी सोडवते," ती म्हणाली. जीभ पहिल्यांदाच अडखळत होती. "कापलेलं टाकवत नाही मला. सवय आहे."

"अहो, पण यामुळे माझा आवाज कुणालाच ऐकू जात नाही!"

"मला येतो ना! रोज संध्याकाळी 'कुणी आहे का, कुणी आहे का' म्हणून सगळ्या जगाला विचारता. माणसानं एकदा गल्लीपलीकडे विचारावं!"

खाली एक सायकल थांबली. वरच्या मजल्यावरचा नळ बंद झाला. घड्याळजीला अजूनही नीटसं काही कळलेलं नव्हतं, पण तोंड आपोआप उघडलं.

"कुणी... आहे का?"

"आहे," कात्री म्हणाली. "ये. आणि ती पकड घरीच ठेव."

"अगं, गेलं तरी कोण?" मावशीनं आतून विचारलं.

पुढच्या आठवड्यात एक अर्ज टपालात पडला :

'प्रति, मा. लहरी नियंत्रण अधिकारी. महोदय, माझ्या केंद्राची तार योग्य लांबीपेक्षा हातभर जास्त असून घरगुती कारणास्तव ती कापणे शक्य नाही. तारेची लांबी लहरीच्या निम्मी असावी लागत असल्याने, आकाशातील सर्व संबंधित लहरींची लांबी प्रत्येकी दोन हात वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.'